दुसऱ्याच्या घराण्याचा चार्ज

 

आज मी एका जुन्याच प्रश्नाबद्दल बोलणार आहे. एखादा कादंबरीकार एक घराणं उभं करतो. आजी-आजोबा, त्यांची मुलं, सुना, नातवंडं, एक मोठं घर, एखादा धंदा किंवा शेतीवाडी, आणि तीन-चार पिढ्यांची भांडणं. वाचक त्या घरात राहायला जातो. एक खंड संपला की दुसरा, दुसरा संपला की तिसरा. आणि मग लेखक जातो. माणसं मात्र कागदावर होती तिथेच राहतात. एक मुलगी लग्नाच्या दारात, एक काका कर्जात. अशा वेळी दुसऱ्या लेखकाने त्या घरात शिरावं का? आणि शिरलाच, तर त्याने तिथे नेमकं काय करावं?

आज हा प्रश्न घ्यायचं निमित्त इंग्लंडमधलं आहे. एलिझाबेथ जेन हॉवर्ड या लेखिकेची ‘कॅझलेट क्रॉनिकल्स’ नावाची पाच खंडांची मालिका आहे. लेखिका 2014 च्या जानेवारीत वारल्या. आता ती मालिका पुढे लिहिण्याचं काम लुईसा यंग या दुसऱ्या लेखिकेने हाती घेतलं आहे. नवं पुस्तक कसं आहे, चांगलं की वाईट, याबद्दल मी आज काहीच बोलणार नाही. काम कोणत्या प्रकारचं आहे, ते आपण पाहू. कारण हे काम आपल्याकडे हजार-दीड हजार वर्षं चाललेलं आहे.

आधी ही मालिका काय आहे ते थोडक्यात सांगतो, कारण आपल्याकडे ती फारशी वाचली गेलेली नाही. गोष्ट 1937 च्या उन्हाळ्यात सुरू होते. ससेक्समध्ये ‘होम प्लेस’ नावाचं घर आहे. लाकडाचा धंदा करणारे म्हातारे वडील आहेत, त्यांना घरात ‘ब्रिग’ म्हणतात, आणि आई आहे, तिला ‘डची’ म्हणतात. ह्यू, एडवर्ड आणि रूपर्ट हे तीन मुलगे, रेचल ही बिनलग्नाची मुलगी. सुट्टीत सगळ्यांची बायका-पोरं तिथे जमतात. म्हणजे आपल्याकडे मे महिन्यात आजोळी भरायचं तसं घर. त्यावर दुसरं महायुद्ध येतं. मालिकेचे पहिले चार खंड 1990 ते 1995 या काळात आले. मग अठरा वर्षं काहीच नाही. पाचवा खंड 2013 मध्ये आला, तेव्हा लेखिकेचं वय नव्वद होतं. त्यात गोष्ट 1956 मध्ये, म्हणजे डचीच्या मृत्यूपासून पुढे सुरू होते. धंदा बुडतो, घर हातचं जातं. पुढच्याच जानेवारीत लेखिका गेल्या.

मी सैन्यातला माणूस, म्हणून दोन पात्रांबद्दल सांगितल्याशिवाय राहवत नाही. थोरला ह्यू पहिल्या महायुद्धात डावा हात गमावून आलेला आहे आणि डोक्यात राहिलेल्या लोखंडाच्या कणांमुळे त्याचं डोकं फुटेस्तोवर दुखतं. ही दुखणी कादंबरीत कुठेही शौर्याच्या प्रसंगासारखी येत नाहीत. घरात दिवा मंद करावा लागतो, मुलांना गप्प बसवावं लागतं, एवढंच. धाकटा रूपर्ट 1940 मध्ये फ्रान्समध्ये मागे राहतो. तो मेला की जिवंत आहे, कुणालाच माहीत नाही. त्याची मुलगी क्लॅरी, घरातले सगळे मनातून आशा सोडून बसलेले असताना, वडील येतील या भरवशावर त्यांच्यासाठी रोजनिशी लिहीत राहते. ज्यांनी ‘बेपत्ता’ या शब्दाची तार घेऊन कुणाच्या घरी जाण्याचं काम केलेलं आहे, त्यांना कळेल की ‘मृत’ या शब्दापेक्षा तो शब्द घरच्यांना किती छळतो. हॉवर्डबाईंना ते कळलेलं होतं.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. पहिला आक्षेप असा की, मेलेल्या लेखकाचं पुढे लिहिणं हा आगाऊपणा आहे. पुस्तक ज्याचं त्याचं. चित्रकार गेला की त्याचं चित्र कुणी पुढे रंगवत नाही.

हा आक्षेप मराठी माणसाने जरा जपून घ्यावा असं मला वाटतं. कारण आपण ज्याला ‘कादंबरी’ म्हणतो तो शब्दच मुळात अशा एका पुस्तकातून आला आहे. सातव्या शतकात, हर्षवर्धनाच्या दरबारातल्या बाणभट्टाने ‘कादंबरी’ ही संस्कृत गद्यकथा लिहायला घेतली. कादंबरी हे नायिकेचं नाव. पत्रलेखा नावाची मैत्रीण कादंबरीची विरहावस्था सांगते आहे, आणि सांगता सांगताच बाणाचं लेखन थांबतं. तो वारला. पुढचा भाग त्याच्या मुलाने लिहिला. बंगालीत आणि हिंदीत ‘उपन्यास’ म्हणतात, गुजरातीत ‘नवलकथा’. आपण मराठी लोकांनी मात्र या साहित्यप्रकाराला जे नाव दिलं, ते बापाने अर्ध्यावर सोडलेल्या आणि मुलाने पुरी केलेल्या पुस्तकाचं आहे.

त्या मुलाने सुरुवातीलाच आपली बाजू मांडली आहे. तो म्हणतो, वडील स्वर्गाला गेले आणि त्यांच्या वाणीबरोबर ही कथाही तुटली. ती अपुरी राहिल्याचं सज्जनांना दुःख होतंय हे पाहून मी ती हाती घेतली, कवी म्हणून मिरवावं या गर्वाने नव्हे. म्हणजे कारण वाचकाचं आहे. घेणं-देणं वडिलांशी आहे. स्वतःचं नाव त्याने इतकं मागे ठेवलं की हस्तलिखितांत ते एकसारखं मिळतही नाही. कुठे भूषण, कुठे पुलिंद. आपण त्याला ‘बाणाचा मुलगा’ म्हणूनच ओळखतो.

पण एक गोष्ट लक्षात घ्या. नाव मागे ठेवलं तरी जोड त्याने लपवली नाही. इथे वडील थांबले, इथून मी, हे त्याने सांगून टाकलं. पूर्वभाग आणि उत्तरभाग आजही वेगळे ओळखता येतात. बाणाची ती लांबच लांब, दागिन्यांनी लगडलेली वाक्यं मुलाला तितकी जमत नाहीत, आणि ते साऱ्या पंडितांना माहीत आहे. तरीही तेराशे वर्षांत उत्तरभाग कुणी फाडून टाकलेला नाही. चंद्रापीडाचं आणि कादंबरीचं पुढे काय झालं, हे कळायला दुसरा रस्ताच नाही.

दुसरं उदाहरण तेलुगू आहे. महाभारताहून मोठी घराण्याची गोष्ट आपल्या देशात नाही. ती तेलुगूत आणली तीन कवींनी, आणि या तिघांच्या मध्ये शतकांची अंतरं आहेत. अकराव्या शतकात राजमहेंद्रीला राजराज नरेंद्राच्या आश्रयाने नन्नयाने आदिपर्व आणि सभापर्व केलं, अरण्यपर्व अर्ध्यावर आलं आणि काम थांबलं. तेराव्या शतकात नेल्लोरच्या तिक्कनाने काम पुढे नेलं, पण त्याने सुरुवात केली विराटपर्वापासून. मधलं अर्धं अरण्यपर्व तसंच उघडं पडलं. ते अशुभ मानलं जात होतं, अशी दंतकथा आहे. शेवटी चौदाव्या शतकात एर्रनाने ती मधली फट भरली.

एर्रनाची अडचण बघा. त्याच्या एका बाजूला नन्नया, दुसऱ्या बाजूला तिक्कना. दोघांच्या शैली वेगळ्या. त्याने असं केलं की सुरुवात नन्नयाच्या वळणाने केली आणि हळूहळू भाषा तिक्कनाच्या वळणावर आणून सोडली. अर्पणही आपल्या राजाला न करता, तीनशे वर्षांपूर्वीच्या नन्नयाच्या राजाला केलं. डोंगरातला रस्ता दोन तुकड्यांनी दोन बाजूंनी कापत आणला, आणि मधली वीस फूट दरड कुणी तरी तिसऱ्याने साफ केली. गाडी जाते तेव्हा त्या वीस फुटांकडे कुणाचं लक्षही जात नाही. तेलुगू लोकांनी मात्र ठेवलं. तिघांना मिळून ते ‘कवित्रयम्’ म्हणतात.

म्हणजे पुढे लिहिणं हे पाप नाही. पण प्रत्येक वेळी ते पुण्यही नसतं. त्यासाठी अमेरिकेत जाऊ.

मार्गारेट मिशेल यांची ‘गॉन विथ द विंड’ 1936 मध्ये आली. अमेरिकेच्या यादवी युद्धातलं दक्षिणेतलं एक जमीनदार घराणं, स्कार्लेट ओहारा ही नायिका, आणि शेवटी नवरा तिला सोडून निघून जातो. तो परत येतो का? वाचकांनी लेखिकेला हे विचारून भंडावून सोडलं. तिने पुढचा भाग लिहायला ठाम नकार दिला. गोष्ट तिच्या मते तिथे संपली होती. 1949 मध्ये रस्ता ओलांडताना मोटारीचा धक्का लागून ती गेली. पुढे हक्क वारसांकडे. अनेक वर्षांनी वारसांनी परवानगी दिली आणि 1991 मध्ये अलेक्झांड्रा रिप्ली यांची ‘स्कार्लेट’ आली. समीक्षकांनी ती झोडपली. खप प्रचंड झाला. नायिका आयर्लंडला जाते, नवरा-बायको पुन्हा एकत्र येतात. वाचकांना जे हवं होतं ते त्यांना पोचतं झालं.

इथे कायद्याचा मुद्दा सांगून टाकतो. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क वारसांकडे राहतो, ब्रिटनमध्ये सत्तर. अमेरिकेत जुन्या पुस्तकांचा हिशोब वेगळा आहे, पण तत्त्व तेच. हक्क संपण्याआधी वारसांना वाटतं की उद्या कुणीही सोम्यागोम्या लिहील, त्यापेक्षा आपणच आपल्या पसंतीच्या माणसाकडून लिहून घ्यावं. हे समजण्यासारखं आहे. पण वारसाला वारशात हक्क मिळतो, गोष्टीची जाण मिळेलच असं नाही. बाणाच्या मुलाला दोन्ही मिळालं होतं, तो योग विरळा.

याच घराण्याची दुसरी एक पुढची गोष्ट आहे आणि ती कुणी परवानगीने लिहिलेली नाही. 2001 मध्ये ॲलिस रँडल या कृष्णवर्णीय लेखिकेने ‘द विंड डन गॉन’ लिहिली. तिची नायिका सिनारा ही त्याच जमीनदाराची, गुलाम स्त्रीच्या पोटी झालेली मुलगी. म्हणजे स्कार्लेटची सावत्र बहीण, मूळ पुस्तकात कुठेच नसलेली. मूळ लेखिकेच्या वारसांनी कोर्टात धाव घेतली. खालच्या कोर्टाने पुस्तकाला मनाई केली, अपील कोर्टाने ती उठवली, आणि पुढे 2002 मध्ये तडजोड झाली.

मला या दोन पुस्तकांची तुलना फार बोलकी वाटते. एकीने रीतसर परवानगी काढली आणि वाचकांचा एकच प्रश्न सोडवला, नवरा परत येतो की नाही. दुसरीने परवानगी काढली नाही, पण घराण्याच्या दारात जी माणसं पहिल्या लेखिकेने उभीच ठेवली होती, त्यांच्यासाठी दार उघडलं. हजार पानांच्या घराण्यात गुलामांची मुलं घराण्यातली मानलेली नव्हती. हा प्रश्न मूळ पुस्तकाच्या पोटातच होता. रँडलने तो बाहेरून आणला नाही.

तर माझं म्हणणं असं आहे. पुढे लिहिणाऱ्याने आधीच्याचा आवाज काढू नये. तो नकलाकाराचा धंदा झाला. त्याने आधीच्याची देणी अंगावर घ्यावीत.

फौजेत एक रीत असते, ती इथे नीट लागू पडते. एक अधिकारी जातो, दुसरा येतो, तेव्हा ‘हँडिंग-टेकिंग ओव्हर’ होतं. बाहेरून पाहणाऱ्याला ते बूट, तंबू, गाड्या, हत्यारं मोजणं वाटतं. पण खरा कागद असतो तो कमी काय आहे त्याचा. अमुक इतकी ब्लँकेटं कमी, तमुक चौकशी प्रलंबित, अमक्या जवानाच्या विधवेचं पेन्शन अजून लागलेलं नाही. नवा अधिकारी त्या कागदावर सही करतो आणि त्या क्षणापासून त्या विधवेचं पेन्शन त्याच्या डोक्यावर. ‘हे आधीच्या साहेबांच्या काळातलं’ असं म्हणायची सोय संपते. पलटणीत आधीच्या सीओसारखं चालून-बोलून दाखवणारा नवा सीओ कुणाला आवडत नाही. आधीच्याची राहिलेली कामं पुरी करणारा मात्र जवानांच्या लक्षात राहतो. मेलेल्या लेखकाकडून चार्ज घेताना तर समोर माणूसही नसतो. कागद वाचून कमी काय आहे ते आपणच शोधायचं.

या अर्थाने चार्ज घेतल्याचं मला सर्वांत जवळचं वाटणारं उदाहरण बंगालचं आहे. विभूतिभूषण बंद्योपाध्याय. ‘पथेर पांचाली’ पुस्तकरूपात आली 1929 मध्ये, ‘अपराजित’ 1932 मध्ये. सत्यजित राय यांच्या चित्रपटांमुळे अपू आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा आहे. हरिहर हा गरीब पुरोहित बाप, त्याचा मुलगा अपू, आणि अपूचा मुलगा काजल. काजलच्या जन्मावेळी त्याची आई अपर्णा जाते. अपू कित्येक वर्षं त्या मुलाचं तोंडही पाहत नाही. 1959 च्या ‘अपूर संसार’ चित्रपटाच्या शेवटी अपू काजलला खांद्यावर घेऊन चालू लागतो. कादंबरीचा शेवट वेगळा आहे. तिथे अपू काजलला आपल्या जुन्या गावी, निश्चिंदिपूरला, रानूदीजवळ ठेवतो आणि स्वतः समुद्रापार निघून जातो. गावाला वाटतं, जणू चोवीस वर्षांपूर्वीचा लहान अपूच परत आला.

फार सुंदर शेवट आहे. पण जरा मुलाच्या बाजूने बघा. आई नाही. बाप आला, ओळख झाली, आणि पुन्हा गेला. मुलगा दुसऱ्याच्या अंगणात. हे ते प्रलंबित खातं.

आता योगायोग बघा. काजल कागदावर जन्मला तो 1932 च्या पुस्तकात. विभूतिभूषणांचा खरा मुलगा, तारादास, जन्मला 1947 मध्ये. म्हणजे कागदावरचा मुलगा पंधरा वर्षांनी थोरला. आणि 1950 च्या 1 नोव्हेंबरला घाटशिलेला विभूतिभूषण गेले, तेव्हा तारादास जेमतेम तीन वर्षांचा होता. अपू काजलला ठेवून गेला होता, तसंच. हा मुलगा मोठा झाला, लेखक झाला, आणि त्याने ‘काजल’ नावाची कादंबरी लिहिली. पुढे ‘तृतीय पुरुष’ लिहिली. बंगालीत पुरुष म्हणजे पिढीसुद्धा, तेव्हा तिसरी पिढी. आपल्याला मराठीत त्यात व्याकरणही ऐकू येतं. मी आणि तू बोलत असतो, आणि ज्याच्याबद्दल बोलतो तो तृतीय पुरुष. ज्याच्याबद्दल आधी फक्त बोललं गेलं, तो इथे मध्यभागी येतो.

‘काजल’ ही ‘पथेर पांचाली’च्या तोडीची आहे का? माझ्या मते नाही. त्या तोडीची कादंबरी एका भाषेत पन्नास वर्षांत एखादी होते. पण तो प्रश्नच मला गैरलागू वाटतो. तीन वर्षांच्या वयात बाप गमावलेल्या माणसाने, बापाने लिहिलेल्या मागे राहिलेल्या मुलाचं पुढे काय झालं, ते लिहिलं. या कामावर सही करण्याचा अधिकार जगात दुसऱ्या कुणाला होता?

आता हे सगळं मनात ठेवून परत ससेक्सच्या त्या घराकडे या.

हॉवर्डबाईंनी कॅझलेट घराणं आपल्या माहेरावरून बेतलं होतं. त्यांचाही परिवार लाकडाच्या धंद्यातला. कादंबरीतली लुईझ ही बरीचशी त्या स्वतः. लुईझ अगदी तरुण वयात मायकेल हॅडली नावाच्या चित्रकार नौदल अधिकाऱ्याशी लग्न करते. प्रत्यक्षात हॉवर्डबाईंनी 1942 मध्ये पीटर स्कॉट यांच्याशी लग्न केलं. दक्षिण ध्रुवावरून परतताना मरण पावलेल्या कॅप्टन स्कॉट यांचा हा मुलगा. चित्रकार, नौदलात अधिकारी, पुढे मोठा पक्षितज्ज्ञ. कादंबरीत मायकेलची आई आहे, लेडी झिनिया, घरात ‘झी’. मुलावर जीव ओवाळणारी, सुनेला पाण्यात पाहणारी, करारी बाई. ती बेतलेली आहे पीटर स्कॉट यांच्या आईवर, शिल्पकार कॅथलीन स्कॉट यांच्यावर. आपल्या भाषेत सांगायचं तर सुनेने सासूवर सूड उगवून ठेवला आहे, आणि तोही अनेक खंडांत.

कॅथलीन यांनी कॅप्टन स्कॉट गेल्यानंतर दुसरं लग्न केलं. त्या लग्नापासून झालेला मुलगा वेलंड यंग. आणि त्याची मुलगी, लुईसा यंग. तीच लुईसा, जी आता मालिका पुढे लिहिते आहे. म्हणजे पहिल्या लेखिकेच्या सासरची, त्या सासूची सख्खी नात! हॉवर्डबाई म्हणजे तिच्या काकांच्या एके काळच्या पत्नी. आजी 1947 मध्ये वारली, नात जन्मली 1959 मध्ये. दोघींची भेट नाही. पण नातीने 1995 मध्ये आजीचं चरित्र लिहिलं आहे, आणि तिने पहिल्या महायुद्धातल्या जखमी सैनिकांवर ‘माय डिअर आय वाँटेड टू टेल यू’ ही कादंबरीही लिहिली आहे. म्हणजे ह्यूचं दुखणं तिला परकं नाही.

माहेरची बाजू सुनेने लिहिली. आता लेखणी सासरच्या नातीच्या हातात आहे. कादंबरीकाराने असं कथानक रचलं असतं तर आपण म्हटलं असतं, फार झालं.

तिच्यासमोरचा चार्जचा कागद मी वाचक म्हणून असा वाचतो. घर गेलं आहे, आता हे कुटुंब जमणार कुठे? रेचलचं प्रेम सिड नावाच्या दुसऱ्या एका बाईवर होतं, आणि त्या काळात ते तिला आपल्या माणसांसमोर नाव घेऊन सांगता आलं नाही. पुढच्या पिढीत ते कुणी मोठ्याने बोलेल का? झीची बाजू कधी ऐकली जाईल का? नातीला हा मोह होणार. आणि तिथेच तिची परीक्षा आहे. आजीची वकिली केली तर ते घराण्याचं भांडण होईल. आजीला माणूस केलं तर ती कादंबरी होईल.

स्वयंपाकीणबाई मिसेस क्रिप्स, ड्रायव्हर टॉनब्रिज, मुलींना शिकवणाऱ्या मिस मिलिमेंट, यांना हॉवर्डबाईंनी दारात उभं ठेवलं नव्हतं, त्यांना मन दिलं होतं. त्यामुळे पुढच्या लेखिकेला या बाबतीत मागे जाता येणार नाही. मालकांच्या घराची गोष्ट नोकरांना वगळून सांगितली, तर जुने वाचक तिला सोडणार नाहीत.

हे सगळं विलायती झालं असं कुणाला वाटेल, म्हणून आपल्या घरचं एक सांगतो. श्री. ना. पेंडसे यांची ‘तुंबाडचे खोत’, 1987 ची, दोन खंडांची. जगबुडीच्या काठचं खोतांचं घराणं, चार पिढ्या. पेंडसे 2007 मध्ये गेले, म्हणजे त्यांच्या लेखनाचे हक्क 2067 च्या अखेरपर्यंत वारसांकडे आहेत. त्याचा तिसरा खंड कुणी लिहावा, असं मी म्हणत नाही. पण समजा, कुणी लिहिला. तो खोताच्या पणतवाने लिहावा, की खोताच्या कुळाच्या पणतीने? कूळकायद्यानंतर ज्याच्या नावावर सातबारा झाला त्याच्या घरातून तुंबाड कसं दिसतं? हा प्रश्न तुम्हाला नुसता ऐकूनच चाळवत असेल, तर समजा की त्या गोष्टीत अजून जीव आहे.

आणि कादंबरी राहू द्या. आपल्यापैकी कित्येकांच्या घरी कुलवृत्तांत नावाचं एक जाड पुस्तक असतं. विशेषतः महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्यांनी ते जपून ठेवलेलं असतं, कारण मूळ गाव तेवढ्यातच उरलेलं असतं. तेही पुढच्या पिढीतल्या कुणी तरी वाढवायचं असतं. जुन्या कुलवृत्तांतात मुलींची नोंद बहुधा लग्नापाशी संपते. अमक्याला दिली, विषय संपला. तिची मुलं नाहीत, तिचं शिक्षण नाही, पुष्कळदा माहेरचं नावही नाही. नवी आवृत्ती काढणारे आता या शाखा जोडायला लागले आहेत. कुणी परप्रांतात, परजातीत लग्न केलं म्हणून गाळलेला काका परत आत येतो आहे. पत्रं जातात, फोन होतात, एखादी ऐंशी वर्षांची आत्या विचारते की माझं नाव आता कशाला? हे काम करणाऱ्या माणसाला कुणी कादंबरीकार म्हणणार नाही. पण चार्जच्या कागदावर सही केलेला माणूस तोच.

म्हणून पुढच्या वेळी एखाद्या दिवंगत लेखकाच्या घराण्याची नवी गोष्ट हातात आली, तर तीन गोष्टी बघा. जोड लपवली आहे की सांगितली आहे. बाजाराचा एक प्रश्न सोडवला आहे की गोष्टीची राहिलेली देणी फेडली आहेत. आणि दारात उभ्या असलेल्यांपैकी निदान एकाला तरी आत घेतलं आहे का. लेखणीची चाल आधीच्यासारखी आहे की नाही, हे शेवटी बघा, नाही बघितलं तरी चालेल.

कॅझलेट वाचायची असेल तर पहिल्या खंडापासून, क्रमाने वाचा. सुरुवातीला नावांचा गोंधळ उडतो, पुस्तकात वंशवृक्ष दिलेला आहे, तिथे बोट ठेवून वाचा. आणि घरात कुलवृत्तांत असेल तर आज संध्याकाळी कपाटातून काढून आपलं पान उघडा. तिथे कोण नाही, ते पेन्सिलने समासात लिहून ठेवा. पुढच्या माणसाला उपयोगी पडेल.

 जय हिंद.